कुटाराचा भाव

सोन्याचा भाव रोज छापून येतो, आणि ज्यानं जन्मात गुंजभर सोनं घेतलेलं नाही त्यालाही तो तोंडपाठ असतो. कापसाचा येतो, संत्र्याचा येतो, टमाटर महागलं तर पहिल्या पानावर येतं. कुटाराचा भाव मात्र कुठं छापलेला दिसत नाही. सोलापूर-नगरकडे दुष्काळ पडला की कडबा बातमीत येतो, शेकड्याला किती झाला ते कळतं, छावणीतल्या जनावराचा फोटो येतो. पाऊस पडला की कडबा बातमीतून उतरतो. आमच्या भागातलं कुटार दुष्काळातही बातमीपर्यंत पोचत नाही. त्याची धाव ढोरांच्या कोठ्यापर्यंत.

आमचा भाग म्हणजे मोहगाव. सौंसरजवळचं, अर्धनारीश्वराच्या देवळाचं. 1956 साली राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे, मध्य प्रदेशात, राहिलो. तेव्हापासून राजधानी भोपाळ आणि बाजार नागपूर असा आमचा दुहेरी संसार चालू आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि ढोरांशी आम्ही जी भाषा बोलतो तिला अजून राज्य मिळायचं आहे.

मळणी झाली की दाणा एकीकडे जातो आणि उरतं ते कुटार. पण कुटारात-कुटारात फरक असतो, आणि तो माणसांपेक्षा ढोरांना चांगला कळतो. हरभऱ्याचं कुटार सगळ्यांत लाडकं. हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब धरते तिची चव त्यात राहत असावी, कारण टोपलं दिसलं की बैल मान लांब करतो. तुरीचं कुटारही मानाचं. सोयाबीनचं ढोरं खातात, पण तोंड वाकडं करून. गव्हाचं कुटार तो गव्हांडा, म्हणजे रोजचं पोट भरायचं साधन. त्याबद्दल कोणी कौतुकानं बोलत नाही आणि त्याच्याशिवाय कोणाचं चालतही नाही. कडबा हा या सगळ्यांतला वडीलधारा. आता तो फारसा घरात नसतो, पण त्याचा विषय निघतो.

मोहगावात कुटाराचा भाव विचारायची एक रीत आहे. थेट विचारणारा माणूस एकतर नवीन जावई असतो नाहीतर व्यापारी. रीत अशी, की आधी बसायचं. चहा येतो. पाऊसपाणी, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, बोअरला पाणी किती, असे विषय होतात. मग उठता उठता, चपलेत पाय घालताना, सहज आठवल्यासारखं म्हणायचं, "यंदा कुटार बरं निघालं असन जी?"

"निघालं थोडंबहुत."

थोडंबहुत म्हणजे तीन ट्रॉल्या.

"मंग, देता का?"

"आपल्याच ढोराले पुरते का नाही, काय सांगावं."

म्हणजे देतात. पण आज नाही. दुसऱ्या फेरीला आकडा निघतो. तोही विकणाऱ्याच्या तोंडून निघत नाही. तो म्हणतो, "तुमच्यासाठी काय भाव जी, घेऊन जा." या वाक्यासारखं महाग वाक्य मोहगावात दुसरं नाही. कारण आता घेणाऱ्यालाच आकडा बोलावा लागतो. कमी बोलला तर कंजूस, जास्त बोलला तर गावभर बोभाटा.

सौदा झाल्यावर पुढची गंमत. एकाच ट्रॉलीचे गावात तीन भाव होतात. विकणारा सांगताना पाचशे वाढवून सांगतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला वर चढता येईल. घेणारा पाचशे उतरवून सांगतो, म्हणजे आपण कसे घासाघीस करून आणलं ते कळेल. खरा भाव फक्त ट्रॅक्टरवाल्याला माहीत असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही, कारण त्याला विचारलं तर तो भाड्याचं बोलतो.

भाड्याचं बोलणं खरं तर भावातलं मुख्य बोलणं आहे. कुटार वजनानं हलकं आणि अंगानं दांडगं. ट्रॉली शिगोशीग भरली, वरून जाळी ताणली, दोर आवळले, तरी आत निम्म्याहून जास्त वाराच असतो. गहू शंभर कोसांवर गेला तरी भाडं निघतं. कुटार चार गावं ओलांडून गेलं की कुटारापेक्षा भाडं जड होतं. म्हणून त्याचा भाव मुंबईला ठरत नाही, नागपूरला ठरत नाही, सौंसरला ठरलेला मोहगावात चालत नाही. गावोगाव वेगळा भाव आणि प्रत्येक गावाला वाटतं शेजारच्या गावात स्वस्त आहे. तिकडे पंढरपूरला कडब्यानं काय उच्चांक गाठला ते आम्हाला मोबाइलवर कळतं. लंकेत सोन्याच्या विटा, आम्हाला काय त्याचं.

मार्च सरता सरता गव्हाचं थ्रेशर गावात फिरायला लागतं. तासावर भाडं असतं, त्यामुळे ते शेतात आलं की घरातलं कोणीही बसून राहत नाही. पेंड्या उचलून देणारे दोघं, तोंडाला दुपट्टा बांधून मशीनच्या तोंडाशी उभा एक, पोती धरणारी बाई, आणि थोडं लांब, लिंबाच्या सावलीत, कामाचं काहीही न करता सगळ्यांना काम सांगणारे एक म्हातारबुवा. एका तोंडातून गहू पडतो. त्याचा आवाज बारीक, पोत्यात पडताना सळसळतो. दुसऱ्या तोंडातून गव्हांडा उडतो आणि वाऱ्यानं त्याचा पिवळा डोंगर व्हायला लागतो. तो डोंगर कुठं व्हावा यावर सकाळीच भांडण झालेलं असतं, कारण वारा दुपारी फिरतो आणि फिरला की आपला गव्हांडा शेजाऱ्याच्या धुऱ्यावर जातो. धुऱ्यापलीकडं पडलेल्या गव्हांड्याचा मालक कोण, याचा निवाडा करायला कोणतंही कोर्ट धजणार नाही. अंगाला खाज सुटते, कानात, भुवयांत, बंडीच्या शिवणीत कुटार जातं, आणि आंघोळ करूनही दोन दिवस गादीत टोचतं.

घेणारा त्याच वेळी येऊन उभा राहतो. तो गहू बघत नाही. तो ढिगाच्या बुडाशी हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, फुंकर मारतो. धूळ किती उडाली ते पाहतो. मग वास घेतो. भिजलेलं असेल तर कुबट वास लगेच येतो. मग एक काडी दातांत धरून चावतो. हे चावणं मला लहानपणी फार चमत्कारिक वाटायचं. पुढं वाचनात आलं की हैदराबादच्या बाजारात ज्वारीचा कडबा विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडचे नमुने संशोधकांनी 2004-05 मध्ये गोळा करून प्रयोगशाळेत तपासले होते. जनावराला जो कडबा पाच टक्क्यांनी जास्त पचतो, त्याला शहरातले गवळी पाव पटीनं आणि त्याहूनही जास्त भाव देत होते. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. डोळे होते, बोटं होती, आणि दूध मोजायचं माप होतं.

अमेरिकेत म्हणे हेच काम सरकार करतं. तिथलं शेतीखातं वाळल्या गवताच्या बाजाराचे अहवाल नियमित काढतं, कोणत्या भागात टनाला काय भाव निघाला ते छापतं. लसूणघासाच्या प्रती ठरलेल्या आहेत: सुप्रीम, प्रीमियम, गुड, फेअर, युटिलिटी. आमच्याकडेही प्रती आहेतच. "एक नंबर", "चालते", "ढोरं खातेत", आणि सगळ्यांत खालची, "आता आणलंच हाये तं राहू द्या." तिकडे गवतासाठी लोक कुठून कुठं जातात! 2014 साली सौदी अरबस्तानातल्या अलमराई या दूध कंपनीनं अॅरिझोनात सुमारे 10,000 एकर जमीन घेतली, तिथं लसूणघास पिकवायचा आणि आपल्या गायींना पाठवायचा म्हणून. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला हे सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न भाड्याचाच विचारला.

आता हिशोब. शहरातल्या माणसाला बैल फुकट चरतो असं वाटतं. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला दहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. जोडीला वीस. होळीपासून मृगापर्यंत, म्हणजे रानात हिरवं काहीच नसतं त्या तीन महिन्यांत, अठरा क्विंटल. गव्हाच्या पिकात दाणा जेवढा निघतो तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त गव्हांडा निघतो. म्हणजे एक-दीड एकराचा सगळा गव्हांडा एका जोडीच्या एका उन्हाळ्यात संपला. वरून ढेप वेगळी. म्हैस असेल तर तिचा हिशोब करूच नये, घरात कलह होतो.

एवढं लागतं हे सगळ्यांना माहीत असूनही विकणारे मळणीच्या दिवशीच विकतात, जेव्हा भाव सगळ्यांत पडलेला असतो. त्याला कारणं आहेत. ठेवायला जागा नाही. ठेवलं तर आगीची भीती; मे महिन्यात कुठून एक ठिणगी आली की गंजी धूर व्हायच्या आत राख होते. अवकाळी पावसाची भीती. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात आणि आमच्या बाजूला जी गारपीट झाली, तिच्यानंतर आभाळ भरून आलं की लोक आधी पोरं आत घेतात की ताडपत्री शोधतात हे सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे थ्रेशरवाला पैसे मागत उभा असतो. चैतात विकलेलं कुटार जेठात दीडीच्या भावानं परत घेणारे लोक मोहगावात आहेत. त्यांना मूर्ख म्हणायचं माझं धाडस नाही. हंगामाला पैशाची गरज असते तेव्हा पैसा महाग असतो आणि कुटार स्वस्त, एवढंच. चार जणांकडे पक्की खोली आहे. ते जेठापर्यंत थांबतात. त्यांच्या दाराशी त्या महिन्यात चहा जास्त होतो.

आमच्याकडे कधीकाळी खरीप ज्वारी भरपूर होती, असं जुने लोक सांगतात. माणसाहून उंच. तिचा कडबा पेंढ्या बांधून उभा रचायचा, त्याची गंजी अशी सजवायची की पाहुणा मुलगी बघायला आला तर आधी गंजी बघायचा. हे सांगणाऱ्यांची पाठ आपोआप ताठ होते. मग 1964 साली सी.एस.एच.-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. दाणा भरघोस, धांडा आखूड. माणसाचं पोट भरलं आणि ढोराची थाळी अर्धी झाली. शिवाय ऐन दाण्यात पाऊस आला की दाणा काळा पडायचा. शेतकऱ्यांनी तक्रार केली की कडबा कमी निघतो. ज्यांनी वाण काढला ते दाणा मोजत होते आणि हे पेंढ्या मोजत होते. मग सोयाबीन आलं, मका वाढला, रानडुकरं वाढली, आणि ज्वारी हळूहळू वहिवाटीतून गेली. मक्याचा कडबा आहे, पण त्याचं एक आहे: बैल पानं पानं खातो आणि धांडा तसाच सोडतो. त्यावर उपाय म्हणून कुट्टी मशीन आलं. पान, धांडा, सगळं एकत्र बारीक. निवडून खायचा बैलाचा एकुलता एक अधिकार होता, तोही यंत्रानं घेतला.

आणि संत्रा. पांढुर्णा-सौंसर म्हणजे संत्र्याचा मुलूख. लोक त्याला नागपूरचा संत्रा म्हणतात, आम्ही ऐकून घेतो. संत्र्यात सगळं आहे. रंग आहे, रस आहे, बऱ्या वर्षी पैसा आहे. कुटार मात्र नाही. ज्वारीच्या जागी संत्रा आला तेव्हा कोठ्याचा कोणी विचार केला नाही. उलट संत्राच तनस मागायला लागला. दूरच्या बाजाराला माल जायचा म्हणजे ट्रकात बुडाला आणि बाजूंनी धानाचं तनस अंथरावं लागतं, नाहीतर फळ दबतं. आमच्याकडे धान नावापुरतं, त्यामुळे तनस आणायचं पूर्वेकडून, धानाच्या मुलखातून. म्हणजे एक ट्रक तनसाचा भरून येतो आणि ते तनस संत्र्याखाली झोपायला दिल्लीला जातं. दावणीचा बैल हे मुकाट्यानं बघतो. मंडीजवळ गाडी भरताना खाली सांडलेलं तनस खायला मोकाट ढोरं बरोबर वेळेवर हजर असतात. हमालांपेक्षा त्यांना गाडीची वेळ जास्त पक्की माहीत असते.

सरकारला कुटाराची किंमत माहीत नाही असं मात्र कोणी समजू नये. हमीभावाच्या यादीत गहू आहे, तूर आहे, हरभरा आहे, सोयाबीन आहे, कुटार नाही. पण हमीभावाची शिफारस करण्याआधी कृषी खर्च आणि मूल्य आयोग क्विंटलमागे खर्च किती आला ते काढतो, तेव्हा सगळा खर्च दाण्याच्या नावावर टाकत नाही. दाणा आणि उपउत्पादन यांच्या किमतीच्या प्रमाणात तो वाटतो. उपउत्पादन म्हणजे आमचं कुटार, कडबा. त्यामुळे खर्च उतरवायला कुटाराची किंमत कागदावर धरली जाते, पण त्या किमतीला ते कोणी घ्यायला येत नाही. मला या हिशोबात तशी चूक दिसत नाही. शास्त्रशुद्ध असावा. फक्त दिल्लीत बसून ज्या कोणी आमच्या गव्हांड्याला किंमत लावली, त्यानं एकदा मोहगावात येऊन "तुमच्यासाठी काय भाव जी" हे ऐकावं असं वाटतं.

सरकारचं प्रेम खरं जागं होतं ते उन्हाळ्यात. मध्य प्रदेशात पशुचारा निर्यात नियंत्रणाचा 2000 सालचा एक आदेश आहे. त्याच्या आधारावर चाराटंचाईचा रंग दिसला की कलेक्टर जिल्ह्याबाहेर चारा न्यायला बंदी घालतात. त्यात गवत येतं, भुसा येतो, कडबा येतो, ज्वारीचे धांडेसुद्धा येतात. वीटभट्टीत जाळायलाही मनाई असते. बंदी सगळीकडेच निघते. 2022 च्या उन्हाळ्यात मार्चमध्येच ऊन तापलं, उत्तरेत गव्हांड्याचा भाव दुपटीच्या वर गेला, तेव्हा हरियाणातल्या जिल्ह्यांनीही भुशाच्या गाड्या अडवल्या होत्या. पण पंजाब-हरियाणाचं वेगळं. आमची गंमत अशी की आमची अर्धी सोयरीक महाराष्ट्रातल्या सावनेर, नरखेड, वरूड, काटोलला. लेक तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली. व्याह्याचा फोन येतो, "दोन ट्रॉल्या कुटार पाठवजा." पाठवायचं तर ते आता कुटार राहत नाही, आंतरराज्यीय वाहतूक होते. व्याह्याला नाही म्हटलं तर लेकीला ऐकून घ्यावं लागतं. हो म्हटलं तर नाक्यावर.

त्यातून जिल्हा नवा झाला. 2023 आधी छिंदवाड्याकडच्या मावशीला ट्रॉलीभर गव्हांडा धाडला तर तो जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गेला असता. आता बंदीच्या काळात तोच गव्हांडा, तीच मावशी, तोच रस्ता, आणि निर्यात. पांढुर्णा जिल्हा झाला याचा आम्हाला अभिमान आहे. पण गव्हांडा निर्यात करणारं घराणं अशी आपली ओळख होईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्या बाजूला तोच गव्हांडा जाळणाऱ्याला दंड आहे. पंजाबकडचे हार्वेस्टर येतात, वरच्या वर ओंब्या कापून नेतात, आणि शेतात गुडघाभर खुंट उभे राहतात. कचेरीत त्यांना नरवाई म्हणतात. त्यांच्यावरून भुसा मशीन फिरवलं तर गव्हांडा निघतो, पण ते मशीन वेळेवर मिळेल तर. नाही मिळालं की काडी लागते. दोन एकरांपर्यंत 2,500 रुपये दंड, पाच एकरांपर्यंत 5,000, त्यापुढं 15,000. 2025 च्या मेपासून तर नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्र्यांच्या किसान योजनेचा पैसा आणि हमीभावानं खरेदी दोन्ही बंद, असं राज्य सरकारनं ठरवलं. म्हणजे जाळायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. उरलं खाणं. आणि खाणारे कमी होत चाललेत.

हे मात्र खरं. आमचा गवळाऊ बैल, पांढरा, हलका, पळायला चपळ. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत त्याचं घर. मराठ्यांच्या फौजेच्या मागे याच्या गाड्या धावायच्या असं सांगतात. आज गल्लीत ट्रॅक्टर जास्त, जोड्या मोजक्या. पोळ्याला तोरणाखाली जोड्या लागतात तेव्हा ते डोळ्यांत भरतं. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर दगडांची गोटमार होते, सावरगाव आणि पांढुर्णा समोरासमोर, मध्ये पळसाचं झाड. तिथली गर्दी दरवर्षी वाढतेच. आणि त्याच दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. लाकडी बैलांची संख्या चांगलीच वाढली आहे. त्यांना गव्हांडा लागत नाही, गोचीड होत नाही, कुट्टी करावी लागत नाही. पोरांना वरून बोजारा मिळतो.

बैल कमी झाले म्हणून कुटार स्वस्त होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण म्हशी आहेत, नागपूरला दूध जातं, आणि नवीन गिऱ्हाईकं निघाली आहेत. सावनेरहून नागपूरला जाताना खापरखेडा-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या दिसतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या धोरणानं औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवइंधन मिसळावं असं ठरवलं. शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या. तुराट्या, पऱ्हाट्या गेल्या तर कोणाची हरकत नाही. त्या चुलीतच जायच्या. पण उद्या भट्टीनं गव्हांड्याला वरचढ भाव लावला तर म्हशीनं कोणाकडे दाद मागायची? पशुवैद्य खात्याचं एक पत्रक मात्र भिंतीवर आहे: शंभर किलो भुशाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून फवारा, दाबून झाका, एकवीस दिवस उघडू नका, चारा सकस होतो. उपाय खरा आहे. पण पिकाला युरिया मिळवायला जो रांगेत उभा राहून आलाय त्याला हे वाचून दाखवायची हिंमत माझ्यात नाही.

आमच्या काकाजींकडे आता बैल नाहीत. शेवटची जोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली. पण चैत लागला की ते पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकून कुटाराचा भाव विचारायला निघतात. घ्यायचं काहीच नसतं. चहा होतो, बोलणं होतं, हात घालून मूठ काढणं, फुंकणं, काडी चावणं सगळं रीतसर होतं. मग चालू भाव चार हजार असला तर ते साडेतीन म्हणतात आणि "पाहू" म्हणून उठतात. गावाला हे ठाऊक आहे. त्यांनी पाडलेल्या भावात मागून दुसरे लोक माल घेतात, म्हणून त्यांना मानही आहे.

गेल्या हंगामात एका पट्ठ्यानं त्यांना गाठलं. काकाजी म्हणाले साडेतीन, तो म्हणाला, "जा घेऊन."

काकाजींना असं उत्तर कधी मिळालेलं नव्हतं. शब्द गेलेला. संध्याकाळी ट्रॉली दारात. काकू ओट्यावर उभ्या राहिल्या, डोंगराकडं बघितलं, काकाजींकडं बघितलं.

"आता हे कोण खाईन? तुम्ही का मी?"

काकाजींनी तिथल्या तिथं जाहीर केलं की हे संत्र्याच्या आळ्यांत टाकायला आणलं आहे. आंबिया बहार झाडावर होता, ऊन तापत होतं. आच्छादन केलं की ओल धरते, फळ गळत नाही, हे कृषी विभागवालेही सांगतात. गोष्ट शास्त्रोक्त होती. त्यांनी दोन दिवस लावून प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून वीतभर सोडून गव्हांड्याची जाड गादी केली, आणि पानठेल्यावर जाऊन सांगितलं की ट्रॉली तीन हजारांत पाडली.

चौथ्या रात्री शेजारच्याच्या दोन म्हशी आणि एक वगार खुंटा उपटून बागेत शिरल्या. सकाळी आठ-दहा आळी साफ. फळाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. काकाजी तावातावानं शेजाऱ्याकडं गेले आणि भरपाई मागितली. शेजारी भला माणूस. म्हणाला, "देतो ना जी, काहून नाही देणार. अर्धी ट्रॉली खाल्ली असन, अर्ध्याचे देतो. पण भाव कोणता लावू?"

काकाजी म्हणाले साडेतीन.

"कालच तं ठेल्यावर तीन म्हणत होते."

चार माणसं जमली. विकणाऱ्याला बोलावलं, तर तो सगळ्यांना साडेचार सांगून बसलेला. साडेतीन कबूल केले तर त्याच्या उरलेल्या दोन ट्रॉल्यांचा भाव पडतो. तो म्हणाला साडेचार. शेजारी म्हणाला तीन. काकाजी मधल्या आकड्यावर एकटे, आणि त्या आकड्याला गावात साक्षीदार कोणी नाही. शेवटी कोणीतरी ट्रॅक्टरवाल्याला विचारा म्हणालं. तो आला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "कुटाराचं मले माहीत नाही. पण काकाजी, माह्या भाड्याचे पाचशे अजून बाकी हायेत."